पत्ता, पट आणि तिसरा पक्ष : दोन खेळाडूंच्या ऐतिहासिक युद्धखेळांची इतिहासदृष्टी

प्रस्तावना

युद्धाचा इतिहास ग्रंथांतून लिहिला जातो, नकाशांतून दाखवला जातो आणि स्मारकांतून जपला जातो. तो पटावरही मांडला जातो, ही गोष्ट मात्र इतिहासलेखनशास्त्राच्या चर्चेत क्वचितच येते. पट, सोंगट्या आणि फासे म्हटले की विषय करमणुकीचा, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु अमेरिकेत १९९३ पासून दोन खेळाडूंसाठी जे पत्त्यांवर चालणारे ऐतिहासिक युद्धखेळ तयार झाले, त्यांचे नियम बारकाईने वाचले असता प्रत्येक खेळामागे इतिहासाविषयीचा एक निश्चित सिद्धान्त उभा असल्याचे दिसते. कोणती घटना महत्त्वाची, ती कोणाच्या निर्णयाने घडली, तिचा लाभ कोणाला झाला, ती घडली नसती तर काय झाले असते, या प्रश्नांची उत्तरे नियमपुस्तिकेला द्यावीच लागतात. ग्रंथकाराला अशा ठिकाणी 'कदाचित' हा शब्द घालून पुढे जाता येते. खेळ रचणाऱ्याला ती सोय नाही. त्याला आकडा लिहावा लागतो.

प्रस्तुत लेखात या खेळांच्या रचनेचा विकास थोडक्यात पाहून, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या 'ट्वायलाइट स्ट्रगल' या शीतयुद्धावरील खेळाचा विशेष विचार केला आहे. या खेळाच्या नकाशावर भारत आहे, परंतु त्याच्या पत्त्यांमध्ये अलिप्ततावाद नाही. ही उणीव रचनाकारांच्या अनवधानाने राहिली, की दोन खेळाडूंच्या आकृतिबंधातच ती अटळ होती, हा येथील मुख्य प्रश्न होय.

पटावरील सेनापती

आधुनिक युद्धखेळाची परंपरा प्रशियाच्या सैन्यापासून सांगितली जाते. थोरल्या राइसविट्झ यांनी १८१२ मध्ये आपला युद्धखेळ प्रशियाच्या राजाला सादर केला आणि त्यांच्या पुत्राने १८२४ मध्ये त्याचे सुधारित नियम प्रसिद्ध केले. पुढे हा खेळ लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा भाग झाला. सामान्य ग्राहकांसाठी या खेळांना व्यापारी रूप देण्याचे काम अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी केले. 'टॅक्टिक्स' हा त्यांचा खेळ १९५४ मध्ये बाजारात आला आणि १९५८ मध्ये त्यांनी बाल्टिमोर येथे 'अ‍ॅव्हलॉन हिल' ही कंपनी स्थापन केली. षट्कोनी घरांचा नकाशा, त्यावर पुठ्ठ्याच्या चकत्या, चकतीवर सैन्याच्या बळाचे व गतीचे आकडे आणि लढाईच्या निकालाचा तक्ता, हा साचा पुढील तीस-पस्तीस वर्षे जवळजवळ अबाधित राहिला.

या साच्यातील खेळाडू हा एक विलक्षण सेनापती असतो. त्याला शत्रूची प्रत्येक तुकडी दिसते, आपली प्रत्येक तुकडी त्याचा हुकूम तत्काळ मानते आणि एकाच फेरीत त्याला सर्व आघाड्यांवर सर्व सैन्य हलवता येते. बुद्धिबळाच्या पटावर हे शोभून दिसते, कारण बुद्धिबळ कोणत्याही प्रत्यक्ष युद्धाचे चित्र असल्याचा दावा करीत नाही. गेटिसबर्गच्या किंवा वॉटर्लूच्या खेळाला मात्र हा दावा करावा लागतो, आणि तेथे सर्वज्ञ सेनापती अनैतिहासिक ठरतो. याहून मोठी अडचण राजकारणाची होती. संसद, खजिना, लोकमत, मित्रराष्ट्रांचे रुसवेफुगवे यांना षट्कोनी घरात जागा नव्हती. युद्ध हे राजकारणाचेच साधन असल्याचे क्लाउझेवित्झ यांचे प्रतिपादन प्रत्येक युद्धखेळाडूला ठाऊक असे. त्याच्या पटावर मात्र राजकारणाचा मागमूस नसे.

पत्त्याचा प्रवेश

ही कोंडी मार्क हर्मन यांच्या 'वी द पीपल' या १९९३ च्या खेळाने फोडली. विषय अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा होता. षट्कोनी घरांऐवजी रस्त्यांनी जोडलेली गावे, मोठ्या सैन्यांऐवजी मोजके सेनापती, आणि प्रत्येक वसाहतीवर कोणाची राजकीय सत्ता चालते हे दाखवणाऱ्या चकत्या अशी त्याची मांडणी होती. मुख्य नवीन गोष्ट म्हणजे खेळाडूच्या हातातील पत्ते. काही पत्त्यांवर केवळ आकडा असे. त्या आकड्याच्या बळावर सेनापती हलवता येत. काही पत्त्यांवर ऐतिहासिक घटना असे. हातात योग्य पत्ता नसेल तर समोर संधी दिसत असूनही सेनापतीला बसून राहावे लागे. सर्वज्ञतेला बसलेला हा पहिला मोठा चिमटा होता. शिवाय विजय लढायांच्या संख्येवर अवलंबून नव्हता. अधिक वसाहती ज्याच्या राजकीय नियंत्रणाखाली, तो जिंकत असे. शत्रूच्या राजकीय चकत्यांचा आपल्या मुलखाशी संबंध तोडला की त्या काढून टाकल्या जात, आणि या बाबतीत हा खेळ युरोपीय युद्धपटापेक्षा पूर्व आशियातील 'गो' या प्राचीन खेळाच्या अधिक जवळ जातो.

मार्क सिमोनिच यांच्या 'हॅनिबल : रोम व्हर्सस कार्थेज' या १९९६ च्या खेळाने पुढचे पाऊल टाकले. एकाच पत्त्यावर आकडाही आला आणि घटनाही आली. खेळाडूने दोहोंपैकी एकच निवडायचे. या साध्या बदलाने खेळाला इतिहासाच्या एका जुन्या प्रश्नाशी भिडता आले. हॅनिबलने इ. स. पू. २१६ मध्ये कॅनी येथे रोमन सैन्याचा धुव्वा उडवला, तरीही तो युद्ध का हरला? खेळात लढाई हरणाऱ्याला राजकीय चकत्याही गमवाव्या लागतात, म्हणून लढाई जिंकण्याला अर्थ आहे. तथापि जिंकलेला मुलूख राखण्यासाठी पुन्हा पत्तेच खर्चावे लागतात आणि पत्ते दोघांनाही मोजकेच मिळतात. कॅपुआ शहर २१६ मध्ये कार्थेजच्या बाजूला गेले आणि २११ मध्ये रोमने ते परत घेतले. इटलीतील हा प्रदीर्घ घासाघाशीचा कालखंड पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत संपतो. या खेळात डावाचा बराचसा वेळ त्यातच जातो.

टेड रेसर यांचा 'पाथ्स ऑफ ग्लोरी' हा पहिल्या महायुद्धावरील खेळ १९९९ मध्ये जी.एम.टी. या कॅलिफोर्नियातील प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. येथे दोन्ही पक्षांना ५५ पत्त्यांचा स्वतंत्र संच दिलेला आहे आणि प्रत्येक पत्त्याचे चार उपयोग आहेत : सैन्य हलवणे, राखीव दले दूरच्या आघाडीवर पाठवणे, झालेली हानी भरून काढणे किंवा पत्त्यावरील घटना घडवणे. खेळाडूने पत्ता हलवाहलवीसाठी वापरला तर घटना त्या वेळेपुरती हुकते. घटना घडवली तर आघाडी स्तब्ध राहते. मंत्रिमंडळे आणि सेनाकचेऱ्या १९१४ ते १९१८ या काळात ज्या टंचाईत निर्णय घेत होत्या, ती टंचाई खेळाडूच्या हातात येते. महायुद्धाचा 'अर्थव्यय' हा शब्द वर्गात कितीही वेळा उच्चारला तरी जो पोहोचत नाही, तो येथे सात पत्त्यांच्या हातात कळतो.

परंतु याच खेळात पत्त्याच्या पद्धतीची एक मर्यादाही स्पष्ट होते. रशियाच्या पतनाची घटनामालिका त्यात ठरलेली आहे. झार सैन्याचे नेतृत्व स्वतःकडे घेतो, मग झारशाही कोसळते, मग बोल्शेव्हिक क्रांती, आणि शेवटी ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह. वास्तवात या घटना सप्टेंबर १९१५ ते मार्च १९१८ या दरम्यान घडल्या. खेळात त्या लवकर घडतील, उशिरा घडतील किंवा घडणारही नाहीत. मात्र त्यांच्या जागी दुसरे काही घडणार नाही. १९१७ च्या उन्हाळ्यात पेट्रोग्राडमधील कोणालाही आपल्या पुढ्यात कोणते पत्ते आहेत हे ठाऊक नव्हते. खेळाडूला संपूर्ण संच तोंडपाठ असतो. जे प्रत्यक्षात घडले तेवढेच घडू शकत होते, असे गृहीत धरून पत्त्यांचा संच तयार होतो आणि मग केवळ क्रम पिसला जातो. ई. एच. कार यांनी १९६१ च्या केंब्रिज येथील व्याख्यानांत 'जर-तर'च्या इतिहासाला दिवाणखान्यातील खेळ म्हणून बाजूला सारले होते. हे खेळ तर शब्दशः दिवाणखान्यातले. गंमत अशी की 'जर-तर'च्या बाबतीत ते कार यांना वाटले असते त्याहून पुष्कळच सनातनी आहेत.

शत्रूची घटना आपल्या हातात

आनंद गुप्ता आणि जेसन मॅथ्यूज यांचा 'ट्वायलाइट स्ट्रगल' हा खेळ या परंपरेतील सर्वाधिक गाजलेला होय. त्याचे नाव केनेडी यांच्या जानेवारी १९६१ मधील अध्यक्षीय शपथविधीच्या भाषणातील एका शब्दप्रयोगावरून घेतले आहे. २०१० च्या अखेरीपासून २०१६ च्या प्रारंभापर्यंत पटखेळांच्या सर्वांत मोठ्या जागतिक क्रमवारीत तो पहिल्या स्थानावर होता. एक खेळाडू अमेरिका, दुसरा सोव्हिएत संघ. दहा फेऱ्यांत १९४५ ते १९८९ हा कालखंड. मूळ संचात १०३ पत्ते होते, २००९ च्या आवृत्तीत ते ११० झाले.

या खेळातील सर्वांत प्रभावी नियम पुढीलप्रमाणे आहे. पत्त्यांचा संच एकच, दोघांत वाटलेला. पत्त्यावरील घटना अमेरिकेला, सोव्हिएत संघाला किंवा दोघांनाही अनुकूल असते. अमेरिकेच्या खेळाडूने सोव्हिएत संघाला अनुकूल पत्ता आकड्यासाठी वापरला, तरी ती घटना घडतेच. म्हणजे खेळाडूच्या हातात जवळजवळ निम्मी पाने त्याच्या स्वतःच्या नुकसानीची असतात आणि ती कधी, कोणत्या क्षणी टाकली तर कमीत कमी अपाय होईल, एवढेच त्याला ठरवता येते. फेरीला एक नको असलेला पत्ता अंतराळ-स्पर्धेत टाकून देता येतो. बाकीचे सोसावे लागतात. संकटांचे व्यवस्थापन हीच धोरणाची व्याख्या झालेल्या त्या काळातील वॉशिंग्टन आणि मॉस्को येथील मानसिकतेचे याहून नेमके चित्र एखाद्या नियमात उतरले असेल, असे वाटत नाही.

अणुयुद्धाच्या भीतीसाठी पाच ते एक अशी उतरती पायरी आहे. कळीच्या देशात सत्तापालट घडवण्याचा प्रयत्न केला की पायरी एकाने खाली येते. ज्याच्या खेळीच्या वेळी ती एकवर पोहोचते, तो हरतो. जसजशी पायरी उतरते तसतसे प्रथम युरोप, मग आशिया, मग मध्यपूर्व येथे सत्तापालट करण्यास बंदी होते. उरतात आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका. महासत्तांचे वैर धगधगत राहिले आणि त्याची झळ काँगो, अंगोला, चिली, निकाराग्वा यांना का बसली, याचे उत्तर या चार ओळींच्या नियमात आहे. त्याच्या जोडीला आणखी एक नियम येतो : प्रत्येक फेरीत ठरावीक प्रमाणात लष्करी कारवाया न करणाऱ्या खेळाडूचे गुण कापले जातात. शांत बसणाऱ्या महासत्तेला येथे दंड आहे.

'डॉमिनो'चा सिद्धान्तही नियमातच आहे. आयसेनहॉवर यांनी एप्रिल १९५४ मध्ये इंडोचीनसंबंधी तो मांडला, तेव्हा ते एक भाकीत होते आणि पुढच्या इतिहासाने ते बव्हंशी खोटे ठरवले. व्हिएतनाम, लाओस व कंबोडिया १९७५ मध्ये साम्यवादी झाले. थायलंड आणि मलेशिया झाले नाहीत. खेळात मात्र ज्या देशात आपला प्रभाव आहे त्याच्या शेजारच्या देशातच नवा प्रभाव मांडता येतो. देश एकामागून एक पडतात, कारण नियम तसा आहे. रचनाकारांनी याची कबुली आपल्या टिपणांत मोकळेपणाने दिली आहे : शीतयुद्धाचे अंतर्गत तर्कशास्त्र, त्यातील उघड चुकीचा भागसुद्धा, हा खेळ खरा मानून चालतो. या प्रामाणिकपणाबद्दल ते प्रशंसेस पात्र आहेत. अनेक ग्रंथकारांना एवढे स्पष्टपणे आपले गृहीतक सांगता आलेले नाही.

नकाशावरील भारत

या पटावर भारत हा आशियातील एक कळीचा देश आहे. त्याचा स्थैर्यांक ३ आहे, पाकिस्तानचा २. ज्याचा प्रभाव प्रतिस्पर्ध्याहून स्थैर्यांकाइतका किंवा त्याहून अधिक असेल, त्याच्या नियंत्रणात तो देश गेला असे मानतात. भारताशी थेट संबंधित पत्ता एकच, भारत-पाकिस्तान युद्धाचा. तो दोघांपैकी कोणालाही मिळू शकतो. ज्याच्या हातात तो असेल, तो आक्रमण कोण करणार हे ठरवतो, फासा टाकतो, आणि चार ते सहा दान पडल्यास त्याला दोन गुण मिळतात. आक्रमण झालेल्या देशातील प्रतिस्पर्ध्याचा सर्व प्रभाव त्याचा होतो. लक्ष्य झालेल्या देशाशेजारचे देश प्रतिस्पर्ध्याकडे असतील तर दानातून तेवढे वजा होते. कोरियन युद्धाचा पत्ता घटना घडल्यावर खेळातून बाद होतो; हा होत नाही, पुन्हा पिसला जातो. या एका तपशिलात खेळ इतिहासाशी प्रामाणिक आहे, कारण १९४७-४८, १९६५ आणि १९७१ असे हे युद्ध परत परत आले.

पण १९७१ चे युद्ध या पत्त्यात बसवून पाहावे. भारत-सोव्हिएत मैत्री करार ९ ऑगस्टला झाला. युद्ध ३ डिसेंबरला सुरू होऊन १६ डिसेंबरला ढाक्यातील शरणागतीने संपले. दरम्यान अमेरिकेने 'एंटरप्राइझ' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली आणि सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकार वापरला गेला. महासत्तांचे हात त्यात होते, यात शंका नाही. परंतु युद्धाचे कारण पूर्व बंगालमधील निवडणूक, दडपशाही आणि भारतात आलेले निर्वासितांचे लोंढे हे होते; ते केव्हा लढायचे हे दिल्लीने ठरवले, आणि त्यातून एक नवा देश जन्मला. खेळाच्या नकाशावर बांगलादेश नाही. पत्ता टाकणारा हात वॉशिंग्टनचा किंवा मॉस्कोचा असतो, गुणही त्यालाच मिळतात, आणि फेरीचा लष्करी कोटा भरण्यास हे युद्ध उपयोगी पडते. अमेरिकेच्या खेळाडूने पाकिस्तानवर भारताकडून आक्रमण करवून पाकिस्तान आपल्या पदरात पाडून घेणे नियमांनुसार पूर्ण शक्य आहे. निक्सन आणि किसिंजर यांना हा नियम वाचून नवल वाटले असते.

१९६२ चे चीन-भारत युद्ध तर या पटावर घडूच शकत नाही, कारण चीन हा देश म्हणून नकाशावर खेळता येत नाही. तो एक पत्ता आहे. एकाने वापरला की दुसऱ्याच्या हाती जातो. बेलग्रेड येथे सप्टेंबर १९६१ मध्ये अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. तिच्या अग्रणींपैकी नासर यांच्या नावाचा पत्ता आहे, पण तो सोव्हिएत संघाला अनुकूल घटना म्हणून. टिटो यांचा स्वतंत्र बाणा ज्या पत्त्यात अप्रत्यक्षपणे आला आहे, तो अमेरिकेला अनुकूल घटना म्हणून. वसाहतींच्या मुक्तीचा पत्ता आफ्रिकेत आणि आग्नेय आशियात सोव्हिएत प्रभाव वाढवतो. नेहरूंचे नाव कोठेही नाही, १९५५ च्या बांडुंग परिषदेत २९ देश जमले होते तिचाही पत्ता नाही. हैतीचे इतिहासकार मिशेल-रॉल्फ ट्रुयो यांनी १९९५ मधील आपल्या ग्रंथात दाखवले आहे की, प्रस्थापित विचारचौकटीत जे बसत नाही ते घडूनही 'न घडलेले' ठरते. त्याचे इतके स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

समर्थकांचे उत्तर आणि कोरियाचा दाखला

यावर खेळाच्या समर्थकांचे उत्तर तयार असते : हे जगाचे चित्र नाही, दोन महासत्तांच्या डोक्यातील जगाचे चित्र आहे; त्या डोक्यात अलिप्ततेला स्थान नव्हते. या युक्तिवादाला आधारही आहे. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलस यांनी जून १९५६ मध्ये तटस्थतेला, काही अपवाद सोडल्यास, अनैतिक आणि अदूरदर्शी म्हटले होतेच. तथापि महासत्तांच्या डोक्यातील जग आणि त्यांच्या कचेऱ्यांतील व्यवहार यांत अंतर होते. ज्यांना त्या भाषणात नैतिकतेच्या बाहेर काढले, त्यांच्याच मध्यस्थीची गरज त्यांना तीन वर्षांपूर्वी पडली होती.

कोरियातील युद्ध १९५२ मध्ये युद्धकैद्यांच्या प्रश्नावर अडले होते. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्यांचे काय करायचे, यावर दोन्ही बाजू हटून बसल्या होत्या. भारताच्या वतीने कृष्ण मेनन यांनी पुढाकार घेतलेला ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ३ डिसेंबर १९५२ रोजी मंजूर केला. मॉस्को आणि पीकिंग यांनी तो प्रथम धुडकावला. स्टॅलिन यांच्या मार्च १९५३ मधील मृत्यूनंतर त्याच धर्तीवर तोडगा निघाला. २७ जुलै १९५३ च्या युद्धविरामानंतर तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद जनरल थिमय्या यांच्याकडे आले आणि बावीस हजारांहून अधिक कैद्यांच्या पहाऱ्यासाठी गेलेल्या भारतीय दलाचे नेतृत्व कोल्हापूरकडील मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांनी केले. या दलाची कामगिरी कोणाच्याही नियंत्रणातला देश वाढवणारी नव्हती. कैद्यांच्या छावण्यांत दंगे होत असताना त्यांना न मारता आणि कोणाच्या बाजूला न ढकलता सांभाळणे, असे तिचे स्वरूप होते. खेळातील कोरियन युद्धाच्या पत्त्यावर आक्रमण आहे, फासा आहे, दोन गुण आहेत; युद्धविराम नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हस्तक्षेपाचा एक पत्ता आहे खरा. त्याचा उपयोग प्रतिस्पर्ध्याला अनुकूल असलेली घटना टाळून तिचा आकडा वापरून घेण्यासाठी होतो.

नियंत्रणाच्या अंकगणितातही हीच अडचण आहे. पवईची आय. आय. टी. १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत साहाय्याने उभी राहिली. तेथून फारशा दूर नसलेल्या तारापूरचे अणुविद्युत केंद्र अमेरिकन साहाय्याने बांधले जाऊन १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. भिलाईचे पोलाद सोव्हिएत मदतीचे, पी. एल. ४८० चा गहू अमेरिकेचा. बोकारोसाठी अमेरिकेकडून साहाय्य मिळेना तेव्हा सोव्हिएत संघाने ते दिले. दोघांच्या स्पर्धेतून आपला लाभ काढून घेण्याचे हे धोरण कितपत यशस्वी झाले याविषयी मतभेद आहेत. अन्नधान्याच्या बाबतीत १९६५-६७ चा अनुभव कटूच होता. मात्र ते धोरण होते. खेळाच्या पटावर भारताच्या चौकटीत तीन निळ्या आणि तीन तांबड्या चकत्या ठेवल्या की देश कोणाच्याच नियंत्रणात राहत नाही, आणि गुण मोजताना ही चौकट रिकाम्या चौकटीइतकीच शून्य धरली जाते. अलिप्तता या पटावर दिसते ती एवढीच.

दोनांपलीकडे

या उणिवेचे मूळ रचनाकारांच्या दृष्टीत काही अंशी असेल. ते अधिक खोलवर दोन खेळाडूंच्या आकृतिबंधात आहे. पटावर ज्याला हात नाही त्याला इच्छा नाही. दोनच हात असतील तर उरलेले सगळे जग भूमी होते. रोम आणि कार्थेज यांच्यात न्यूमिडिया, इंग्लंड आणि अमेरिकन वसाहती यांच्यात तेथील मूलनिवासी जमाती, अशी उदाहरणे या संपूर्ण परंपरेत आढळतात. व्होल्को रुंके यांच्या 'वाइल्डरनेस वॉर' (२००१) या खेळात उत्तर अमेरिकेतील इंग्रज-फ्रेंच युद्धात मूलनिवासी योद्धे बरेच प्रभावी आहेत, परंतु तेही इंग्रज किंवा फ्रेंच खेळाडूच्या हाताने हलतात.

रुंके यांनीच २०१२ मध्ये कोलंबियातील संघर्षावरील 'अँडियन अ‍ॅबिस' या खेळात चार पक्ष आणले आणि त्यातून एक मालिका निर्माण झाली. या मालिकेत बहुतेक घटना-पत्त्यांवर दोन परस्परविरुद्ध परिणाम छापलेले असतात. तीच घटना कोण वापरतो त्यानुसार तिचा अर्थ पालटतो. ब्रूस मॅन्सफील्ड यांच्या 'गांधी' (२०१९) या खेळात १९१७ ते १९४७ या काळातील ब्रिटिश राज, काँग्रेस, मुस्लिम लीग आणि क्रांतिकारक असे चार पक्ष असून त्यांपैकी दोन अहिंसक आहेत. २०२४ च्या 'विजयनगर' या खेळात दिल्लीची सुलतानशाही, बहमनी राज्य आणि विजयनगर अशी त्रिकोणी मांडणी आहे. दख्खनच्या चौदाव्या शतकाला दोन बाजूंचा पट पुरला नसता, हे उघड आहे. या खेळांची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते. 'ट्वायलाइट स्ट्रगल'मधला, समोरच्याच्या हातात काय असेल या चिंतेने गुदमरलेला ताण तीन-चार जणांत विरतो. तो ताण हाही इतिहासच होता. ऑक्टोबर १९६२ मधील तेरा दिवसांत त्याखेरीज दुसरे काही फारसे नव्हते.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील प्राध्यापक फिलिप सॅबिन यांनी युद्धाभ्यासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून स्वतः खेळ रचवून घेण्याची पद्धत राबवली आणि २०१२ मधील आपल्या 'सिम्युलेटिंग वॉर' या ग्रंथात तिचे विवेचन केले. तिचा एक छोटा प्रकार कोणत्याही इतिहासविभागाला, खेळ विकत न घेताही, करता येण्याजोगा आहे. 'ट्वायलाइट स्ट्रगल'साठी बांडुंग परिषदेचा पत्ता लिहा, एवढेच विद्यार्थ्यांना सांगावे. पत्त्याला प्रथम बाजू द्यावी लागते. तो सोव्हिएत संघाला अनुकूल ठरवला तर डलस यांचे म्हणणे मान्य केल्यासारखे होते. अमेरिकेला अनुकूल ठरवण्यास आधार नाही. दोघांना खुला ठेवला तर ज्याच्या हातात तो येईल त्याच्या सोयीने बांडुंग भरेल. दोघांचाही प्रभाव काही देशांतून हटवणारा नियम लिहिला तर तो पटावर उमटतो खरा, पण ज्या खेळाडूचे त्या देशांत अधिक नुकसान होणार असेल तो हा पत्ता फेरीअखेरपर्यंत हातात दाबून ठेवील, आणि दुसरा तो हाती येताच टाकील. चारही मसुद्यांत परिषद केव्हा भरवायची हे जकार्ता, दिल्ली किंवा कैरो येथे ठरत नाही.